थांबा वाढवायचा तर वरचा वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत खोल समुद्रातल्या डायव्हिंगवर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून तो छापल्याबद्दल आधी आभार. पण त्यातल्या एका सल्ल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. डीकंप्रेशनचे थांबे, म्हणजे शरीरात मुरलेला वायू निघावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे, आणखी सुरक्षित करायचे असतील तर वर येताना डायव्हरने जास्त खोलावर आणि जास्त वेळ थांबावे, असे त्यात म्हटले आहे. वीस वर्षांपूर्वी हाच सल्ला जगभर दिला जात होता आणि देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. आज मात्र तो देऊ नये. ज्याला जास्त काळजी घ्यायची आहे त्यालाच हा सल्ला जास्त धोक्यात घालतो.

तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाचा याच्याशी काही संबंध नाही. आठ-दहा मीटरवर त्याने श्वास रोखून धरू नये आणि प्रशिक्षकाचा हात सोडू नये, एवढे पुरे. हौशी डाइव्हच्या शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटे थांबण्याची पद्धत आहे, तीही उत्तमच. हे पत्र आहे ते ज्या डाइव्हमधून सरळ वर येताच येत नाही, तशी 'तांत्रिक' डाइव्ह करणाऱ्यांसाठी. मुंबई-पुण्याहून श्रीलंका, थायलंड, इजिप्तला जाऊन असे प्रशिक्षण घेणारे मराठी डायव्हर आता दिसू लागले आहेत. चुकीचे शिकून परत येऊ नयेत, एवढीच तळमळ.

उदाहरण जवळचेच घेऊ. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआसमोर, 'एचएमएस हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका साधारण 53 मीटरवर पडली आहे. 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी ती बुडवली. (आपली 'विराट' पूर्वी ज्या 'हर्मिस' नावाने ब्रिटिश नौदलात होती, ती नंतरची. तिचे निवतीजवळ संग्रहालय करायचा बेत होता, पण ती अखेर अलंगला तोडली गेली.) 53 मीटरवर दाब 6.3 बार. तिथे 25 मिनिटे राहिलेल्या माणसाच्या शरीरात श्वासातला नायट्रोजन आणि हेलियम मुरत जातो. तो फुप्फुसांवाटे परत निघायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ म्हणजेच थांबे, दर 3 मीटरवर एक.

शरीराचा प्रत्येक भाग सारख्या वेगाने भरत नाही. झुरिकच्या ब्यूलमान यांच्या गणितात शरीराचे 16 कप्पे मानले आहेत. सगळ्यात चपळ कप्पा नायट्रोजनने 4 मिनिटांत निम्मा भरतो, सगळ्यात मंद कप्प्याला 635 मिनिटे लागतात. प्रत्येक कप्प्याला प्रत्येक खोलीवर एक सहनमर्यादा आहे. ग्रेडियंट फॅक्टर म्हणजे आजूबाजूच्या दाबापासून त्या मर्यादेपर्यंतच्या अंतराचे आपण किती टक्के वापरायचे ते. एरिक बेकर यांनी 1990च्या दशकात ही पद्धत मांडली आणि आज बहुतेक तांत्रिक डायव्ह कॉम्प्युटर (थांबे मोजून दाखवणारी मनगटी यंत्रे) तिच्यावर चालतात. कॉम्प्युटरवर 30/70 असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा पहिला थांबा किती खोल असेल ते ठरवतो, दुसरा पाण्याबाहेर पडताना शरीरात किती वायू शिल्लक चालेल ते ठरवतो. मधले थांबे या दोहोंच्या मध्ये सरकत जातात.

सगळा घोळ पहिल्या आकड्याचा आहे. तो लहान केला की 'काळजी वाढली' असे वाटते, कारण कॉम्प्युटरच्या भाषेत लहान आकडा म्हणजे सावध आकडा. हर्मिसच्या खोलीवर 25 मिनिटे राहिल्यावर पहिला आकडा 50 ठेवला तर पहिला थांबा 20 मीटरच्या आसपास येतो, 30 ठेवला तर 24 ते 27, आणि 10 ठेवला तर थेट 33 मीटरच्या जवळपास. (हे ढोबळ गणित साध्या हवेवर मांडले आहे, कारण ते समजायला सोपे. प्रत्यक्षात एवढ्या खोलीवर हवा घेऊन कुणीही जाऊ नये. 6.3 बारला हवेची घनता लिटरमागे 8 ग्रॅमच्या वर जाते. श्वासाच्या वायूची घनता 5.2 ग्रॅमच्या आत ठेवावी अशी आजची शिफारस आहे. 18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम आणि बाकी नायट्रोजन असे मिश्रण, म्हणजे ट्रायमिक्स, तिथे 5 ग्रॅमच्या आसपास बसतो.)

आता खोल थांब्यावर शरीरात काय चालते ते एका कप्प्यापुरते पाहू. निम्मा भरायला 77 मिनिटे लागणारा कप्पा घ्या. पंचवीस मिनिटांनी तळ सोडताना त्यात नायट्रोजनचा दाब साधारण 1.58 बार असतो. 21 मीटरवर हवा श्वासात घेत थांबलो तर आत येणाऱ्या नायट्रोजनचा दाब 2.4 बार. म्हणजे आपण ज्याला थांबा म्हणतो आहोत, तिथे हा कप्पा रिकामा होत नाही, भरतोच आहे. तिथे 5 मिनिटे जास्त थांबलो तर तो 1.62 वर जातो. तेवढीच भर पुन्हा काढायला 6 मीटरवर हवेवर साधारण 10 मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या काळजीचे कर्ज दहा मिनिटांनी फेडायचे, आणि ते फेडायची आठवण कुणी ठेवली नाही तर ते शरीरात घेऊनच बाहेर पडायचे. 21 मीटरवर 50 टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर (निम्मा ऑक्सिजन, निम्मा नायट्रोजन) आलो तर आत येणारा नायट्रोजन 1.52 बार होतो आणि हा कप्पा जेमतेम रिकामा होऊ लागतो. त्याहून मंद कप्पे तेव्हाही भरतच असतात.

खोल थांब्यांची कल्पना हवेतून आलेली नव्हती. हवाईचे मत्स्यशास्त्रज्ञ रिचर्ड पाइल खोलातले मासे वर आणताना त्यांच्या वाताशयातली हवा काढण्यासाठी मध्येच खोलावर थांबत, आणि तशा दिवशी डाइव्हनंतरचा थकवा कमी वाटतो असे त्यांच्या लक्षात आले. त्याच काळात बुडबुड्यांवर आधारलेली गणिते पुढे आली. बुडबुडा लहान असतानाच त्याला दाबून ठेवावे, असा त्यांचा तर्क. पटण्यासारखा तर्क होता आणि पुष्कळांना पटलाही.

मग अमेरिकन नौदलाच्या एक्सपेरिमेंटल डायव्हिंग युनिटने तो माणसांवर तपासला. 2011 साली अहवाल आला. 170 फूट, म्हणजे 52 मीटर, जवळजवळ हर्मिसचीच खोली. तळावर 30 मिनिटे, तीही सायकलचे पेडल मारत. दोन्ही गटांना थांब्यांचा एकूण वेळ अगदी सारखा, 174 मिनिटे. फरक फक्त वाटणीचा. एका गटाचा पहिला थांबा 40 फुटांवर आणि बहुतेक वेळ उथळ पाण्यात, दुसऱ्याचा पहिला थांबा 70 फुटांवर आणि बराच वेळ खोलात. उथळ गटात 192 डाइव्हमध्ये 3 जणांना बेंड्स (शरीरात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) झाला. खोल गटात 198 डाइव्हमध्ये 11, त्यातला एक फेरतपासणीत वगळला तरी 10. वेळ तेवढाच, त्रास तिपटीहून जास्त.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. हा प्रयोग सगळा हवेवर झाला. तांत्रिक डायव्हर हेलियम वापरतो, वर येताना ऑक्सिजन वापरतो, आणि त्याचे खोल थांबे एक-दोन मिनिटांचे असतात. तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण चपळ कप्प्याला जपण्याच्या नादात मंद कप्पा भरत राहतो, ही यंत्रणा वायू बदलला म्हणून बदलत नाही. म्हणून पहिला आकडा 10 किंवा 20 ठेवण्याला आज आधार उरलेला नाही. 50 ते 60 ठेवावा, असे आमचे मत आहे. पण पहिला थांबा वर सरकला म्हणजे वेगाने वर येण्याची मुभा मिळाली असे नव्हे. मिनिटाला 9 मीटर हा वेग तसाच राहतो. 53 वरून 21 मीटरवर यायला साडेतीन मिनिटे लागली पाहिजेत.

काळजी वाढवायची ती दुसऱ्या आकड्यात. 80 वरून 70 वर आणले की काय होते ते पुन्हा आकड्यांतच पाहू. 27 मिनिटांच्या कप्प्याची पृष्ठभागावरची पूर्ण मर्यादा 1.85 बार. टक्के मोजायचे ते हवेच्या 1 बार दाबावरच्या 0.85 बारचे: 80 टक्के म्हणजे 1.68, 70 टक्के म्हणजे 1.60. या कप्प्याला 1.68 वरून 1.60 वर आणायला 6 मीटरवर शुद्ध ऑक्सिजनवर 2 मिनिटे लागतात, 50 टक्के नायट्रॉक्सवर 4, हवेवर 8. मंद कप्प्यात हा फरक आणखी ताणला जातो. 77 मिनिटांच्या कप्प्याला 80 वरून 70 वर यायला ऑक्सिजनवर साधारण 4 मिनिटे, नायट्रॉक्सवर 9, आणि हवेवर तब्बल 33. थांबा कुठे वाढवायचा याचे उत्तर या सहा आकड्यांत आहे: 6 मीटरवर, ऑक्सिजनवर. तिथे आत येणारा निष्क्रिय वायू शून्य असतो, म्हणून बाहेर जाणाऱ्याचा वेग सर्वांत जास्त.

शेवटचा थांबा 6 मीटरवर की 3 मीटरवर, हा वाद ऑक्सिजन असेल तर उरत नाही. शुद्ध ऑक्सिजनवर दोन्हीकडे आत येणारा नायट्रोजन शून्यच, मग 6 मीटरवरच थांबावे. लाटा असतील तर 3 मीटरवर शरीर सतत वर-खाली होते आणि एक मीटरच्या लाटेनेही दाब बराच हलतो. ऑक्सिजन संपला असेल आणि नायट्रॉक्स किंवा हवाच असेल, तर मात्र 3 मीटरवर वायू जास्त वेगाने निघतो. 6 मीटर सोडल्यावर पृष्ठभागापर्यंतचे अंतर दोन-तीन मिनिटे घेऊन पार करावे. इथे घाई करणारे फार दिसतात.

ऑक्सिजनलाही हिशेब आहे. 6 मीटरवर त्याचा दाब 1.6 बार होतो, आणि त्या दाबाला एका डाइव्हमध्ये 45 मिनिटे ही प्रचलित मर्यादा. तेव्हा दुसरा आकडा 60 किंवा 50 वर आणून तासभर ऑक्सिजन ओढत बसणे हा उपाय नाही. बेंड्स टाळता टाळता जास्त ऑक्सिजनने पाण्यात झटका (आकडी) आला तर तो बेंड्सपेक्षा वाईट. दर 20 ते 25 मिनिटांनी 5 मिनिटे पाठीवरच्या टाकीतला वायू घ्यावा आणि कॉम्प्युटरवरही तो बदल नोंदवावा. नाहीतर त्याचा हिशेब चुकतो.

वाढवलेल्या थांब्याला वायू लागतो, आणि तो किनाऱ्यावरच मोजायचा असतो. शांत श्वास मिनिटाला 15 लिटर धरला तर 6 मीटरवर मिनिटाला 24 लिटर ऑक्सिजन जातो. 30 मिनिटांना 720 लिटर. त्यावर निम्मी राखीव धरली की 1080. 5.7 लिटरची ॲल्युमिनियम टाकी 200 बारला भरली तर तिच्यात 1140 लिटर असतो. म्हणजे तीस मिनिटांच्या ऑक्सिजन थांब्याला ही टाकी पुरते, चाळीसच्या थांब्याला पुरेशी राखीव उरत नाही. हे न पाहता कॉम्प्युटरवर 80 चे 65 करणारा माणूस कागदावर सुरक्षित झालेला असतो आणि टाकीत तोकडा पडलेला असतो.

ज्या कॉम्प्युटरवर 'सर्फ जीएफ' दिसतो, त्याचा उपयोग करून घ्यावा. आत्ता, या क्षणी पृष्ठभागावर गेलो तर दुसरा आकडा किती भरेल, ते तो सांगतो. कॉम्प्युटर 50/80 वर ठेवावा, आराखडा मात्र 50/70 चा करावा. 6 मीटरवर कॉम्प्युटरने थांबा संपल्याचे सांगितले तरी 'सर्फ जीएफ' 70 होईपर्यंत हलू नये. मध्येच जोडीदाराची तब्येत बिघडली, थंडी असह्य झाली किंवा वायू कमी पडला, तर 80 वर निघण्याची वाट उघडी असते आणि कॉम्प्युटर कुलूपबंद होत नाही. पाण्यात असताना सेटिंगला हात लावावा लागत नाही, हा मोठा फायदा.

सेटिंग पाण्यात बदलूच नये. तसेच एका पथकात एकाचा कॉम्प्युटर 30/70 वर, दुसऱ्याचा 50/80 वर आणि तिसऱ्याचा बुडबुड्यांच्या गणितावर, असे असेल तर थांब्यावर गोंधळ ठरलेला. एक 27 मीटरवर थांबतो, दुसऱ्याला अजून वर जायचे असते, आणि दोघांमध्ये सहा-आठ मीटरचे अंतर पडते. नेमका तेव्हाच कुणाचा रेग्युलेटर (टाकीतला वायू तोंडात देणारे यंत्र) फुटला तर मदत हाताच्या अंतरावर नसते. उतरण्याआधी होडीवर प्रत्येकाने आपला कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि दोन्ही आकडे व वायूंची यादी मोठ्याने वाचून घ्यावी. यादीत जुन्या डाइव्हचा वायू चालू राहिला असेल तर कॉम्प्युटर तो मिळेल असे धरून थांब्यांचा वेळ कमी दाखवतो.

पाण्यात सोबत न्यायच्या पाटीवर एक आराखडा पुरत नाही. ठरलेली डाइव्ह, 3 मीटर जास्त खोल, 5 मिनिटे जास्त वेळ, दोन्ही जास्त, आणि नायट्रॉक्स किंवा ऑक्सिजन यांपैकी एक टाकी निकामी झाली तर, असे सगळे रकाने आधी मांडून पाटीवर लिहावेत. ऑक्सिजनची टाकी गेली तर 6 मीटरवरचा वेळ किती वाढतो, ते पाण्यात लटकून मोजायचे नसते. वरच्या 2-4-8 च्या आकड्यांवरून अंदाज येईलच: नायट्रॉक्सवर तो साधारण दुप्पट होतो, आणि तेवढे नायट्रॉक्स शिल्लक असेल असा आराखडा मुळातच हवा.

टाकी बदलण्याच्या वेळी सगळ्यात जास्त जिवावर बेतते. शुद्ध ऑक्सिजन चुकून 21 मीटरवर तोंडात घेतला तर त्याचा दाब 3.1 बार. झटका आला की रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून टाकीतला वायू जास्तीत जास्त किती खोल वापरायचा तो आकडा टाकीवर दोन्ही बाजूंनी, तळहाताएवढा मोठा. बदलताना आधी खोली पाहायची, मग टाकीवरचा आकडा, मग त्याच टाकीच्या नळीवर हात फिरवत रेग्युलेटरपर्यंत यायचे, तो जोडीदाराला दाखवायचा, आणि त्याने मान हलवली तरच तोंडात घ्यायचा. इथे एक मिनिट गेले तरी बिघडत नाही.

थंडीचा मुद्दा लेखात नव्हता, पण थांब्यांच्या समायोजनात तो फार मोठा आहे. अमेरिकन नौदलाच्या त्याच युनिटच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डायव्हर 37 मीटरवर गेले आणि सगळ्यांचे थांबे सारखेच, 87 मिनिटांचे होते. जे तळावर गरम पाण्यात होते आणि थांब्यांवर गार पाण्यात, त्यांना तळावर 30 मिनिटे राहूनही 22 टक्के डाइव्हमध्ये बेंड्स झाला. जे तळावर गार आणि थांब्यांवर गरम होते, ते तळावर 70 मिनिटे राहिले, तरी प्रमाण 1.3 टक्के. उब असली की रक्त सैल वाहते, वायू आतही पटकन जातो आणि बाहेरही. यातले 'गार' पाणी होते 27 अंशांचे, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यासारखेच. तेव्हा 'आपल्याकडचे पाणी कोमट, 3 मिलिमीटरचा सूट पुरे' हे तासाभराच्या थांब्यांना लागू होत नाही. 5 मिलिमीटरचा सूट आणि डोक्याला हूड घ्यावा. तापणारे जॅकेट असेल तर ते तळावर बंद ठेवून थांब्यांवर सुरू करावे. तळावर सुरू ठेवले आणि थांब्यावर बॅटरी संपली, तर प्रयोगातला सगळ्यात वाईट गट आपणच तयार केला असे होईल. तशी बॅटरी गेलीच, तर 6 मीटरचा थांबा वाढवायचा.

पृष्ठभागावर आल्यावरही थांबा संपलेला नसतो. पाच मिनिटे पाण्यातच निवांत तरंगावे, टाक्या एक एक करून होडीवाल्यांच्या हातात द्याव्यात, पाठीवर वजन घेऊन शिडी चढू नये. जोर लावला की छातीतला दाब वाढतो. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधले जन्माआधीचे छिद्र पूर्ण बुजलेले नसते. त्यातून शिरांमधले बुडबुडे फुप्फुसांना चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. त्वचेवर चट्टे किंवा चक्कर असा बेंड्स एकदा होऊन गेलेल्याने त्याची तपासणी करून घ्यावी, नुसते आकडे बदलत बसू नये. थांब्यांच्या डाइव्हनंतर किमान 24 तास विमान नको. मालवण-गोव्याकडून कोल्हापूर-बेळगावला परतणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी घाटही चढू नये. आंबोली 700 मीटरच्या आसपास आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण 80 मिलिबारने कमी असतो.

सांधा ठणकणे, मुंग्या येणे, चक्कर, लघवी अडकणे यातले काहीही दिसले तर 'दमल्यामुळे असेल' म्हणत बसू नये. रुग्णाला आडवे झोपवून मास्कने मिनिटाला 15 लिटर शुद्ध ऑक्सिजन लगेच सुरू करावा, शुद्धीत असेल तर पाणी द्यावे, आणि परत पाण्यात उतरवू नये. रिकंप्रेशन चेंबर (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद खोली) जवळ कुठे आहे, तो आज चालू आहे का, तिथला डॉक्टर कोण, ही चौकशी डाइव्हच्या आदल्या दिवशी फोन करून झालेली असावी. त्रास कमी झाला तरी ऑक्सिजन काढू नये, चेंबरपर्यंत तसाच न्यावा. त्याचा कॉम्प्युटर आणि आराखड्याची पाटी त्याच्याबरोबर पाठवावी. किती खोल, किती वेळ, कोणता वायू आणि कोणता थांबा चुकला, हे तिथल्या डॉक्टरला त्यावरूनच समजते.

आपला,
एक टेक्निकल डायव्हिंग प्रशिक्षक, मालवण